क्ष-किरणांचे जनक : रॉन्टजेन

खोकला फार दिवस राहिला की डॉक्टर म्हणतात, छातीचा फोटो काढून आणा. हा फोटो ज्यांच्यामुळे निघू लागला त्या विल्हेल्म रॉन्टजेन यांचा जन्म २७ मार्च १८४५ रोजी जर्मनीतील लेनेप या गावी झाला. वडील कापडाचे व्यापारी. शाळेत एका मुलाने मास्तरांचे वेडेवाकडे चित्र काढले. विल्हेल्मने त्या मुलाचे नाव सांगितले नाही, म्हणून यालाच शाळेतून काढून टाकले! तरी शिकून ते पुढे प्राध्यापक झाले.

८ नोव्हेंबर १८९५ ची संध्याकाळ. वुर्झबर्गच्या प्रयोगशाळेत अंधार केलेला. काचेच्या नळीतून वीज सोडली होती आणि नळी काळ्या पुठ्ठ्याने पक्की झाकली होती. तरी बाजूचा रसायन लावलेला पडदा चमकू लागला. पुठ्ठ्याच्या आरपार जाणारे हे किरण कसले? कळेना. गणितात माहीत नसलेल्या संख्येला आपण क्ष म्हणतो, तेच नाव त्यांनी किरणांना दिले. कित्येक आठवडे ते तिथेच जेवत, तिथेच झोपत. २२ डिसेंबरला पत्नीच्या हाताचा फोटो काढला, तर नुसती बोटांची हाडे आणि अंगठी! बाई घाबरूनच गेल्या.

१९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. ते पैसे त्यांनी विद्यापीठाला दिले. शोध सगळ्यांना वापरता यावा म्हणून पेटंटही घेतले नाही. १० फेब्रुवारी १९२३ रोजी आतड्याच्या कर्करोगाने ते वारले.

फुप्फुसात हवा असते, म्हणून फोटोत ते काळे दिसते आणि गाठ पांढऱ्या डागासारखी. डाग म्हटले की घरात रडारड सुरू. पण प्रत्येक डाग कर्करोगाचा नसतो. क्षय बरा झाला तरी व्रण राहतो. कड गुळगुळीत आणि आत चुना साठलेला असेल, तर डाग बहुधा साधा. कडेला काटे फुटल्यासारखे दिसले, तर शंका घ्यायची. बरगडीआड लपलेली गाठ साध्या फोटोत सापडत नाही. त्यासाठी हाउन्सफील्ड यांचे सीटी स्कॅन १९७१ साली आले. त्यात काकडीच्या चकत्यांसारखे छातीचे एकेक काप दिसतात. तरीही शंका राहिली तर सुईने तुकडा काढून तपासतात. करंजाड्याजवळ खारघरला टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग रुग्णालय आहे.

डाग वाढला की होता तेवढाच आहे, हे जुन्या फोटोशेजारी नवा धरला की कळते. दोन वर्षांत घट्ट डाग जरासुद्धा वाढला नाही तर बहुधा भीती नसते. म्हणून डॉक्टर आधी जुना फोटो मागतात. आणि आपल्याकडे तो एकतर ग्रहण बघायला गेलेला असतो (तसे बघूही नये, डोळे जातात), नाहीतर पोटमाळ्यावर उंदरांनी कुरतडलेला!