वजन वाढलं, म्हणजे बरी झाली?

जिच्या आवाजाने जग वेडं केलं, ती कॅरन कार्पेंटर 32व्या वर्षी गेली. जाण्याआधी हॉस्पिटलात तिचं वजन वाढलं होतं. घरच्यांना वाटलं, सुटलो. पण खरे उपचार तर तिथून पुढे हवे होते!

जुनी इंग्रजी गाणी तुम्ही ऐकत असाल, तर ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ कधीतरी कानावरून गेलंच असेल. त्यातला तो खोल, उबदार आवाज कॅरनचा.

कॅरनचा जन्म 2 मार्च 1950चा, अमेरिकेतल्या न्यू हेवनचा. ती 13 वर्षांची असताना कुटुंब कॅलिफोर्नियातल्या डाउनीला राहायला आलं. थोरला भाऊ रिचर्ड पियानोत एकदम तयार. आणि ही? शाळेतला पी.टी.चा तास चुकवायला बँडमध्ये शिरली आणि ड्रमच्या प्रेमातच पडली. मुलीने ड्रम बडवणं तेव्हा नवलाचं होतं. पण 1966 मध्ये त्यांच्या त्रिकुटाने हॉलिवूड बोलमधली बँडची स्पर्धा जिंकली, 1969 मध्ये ए अँड एम रेकॉर्ड्सशी करार झाला आणि 1970 मध्ये ‘क्लोज टू यू’ अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं. कॅरन तेव्हा फक्त 20 वर्षांची होती.

ती स्वतःला आधी ड्रमर मानायची, मग गायिका. पण गाणारी मुलगी ड्रममागे दिसत नाही म्हणून तिला स्टेजवर पुढे आणलं गेलं. आता हजारो नजरा थेट तिच्यावर.

डाएट त्याआधीच झालं होतं. 1967 मध्ये, डॉक्टरांच्या सल्ल्याने. त्यात वावगं काही दिसत नव्हतं. मग 1973च्या सुमारास कार्यक्रमातला स्वतःचा फोटो तिला खटकला. ट्रेनर ठेवला. व्यायामाने अंग भरलं, तेही आवडेना. ट्रेनर गेला आणि ताटातलं जेवणही कमी होत गेलं. मित्रांसोबत जेवायला बसली की ती घास ताटातल्या ताटात फिरवायची, आपलंच जेवण इतरांना चाखायला द्यायची. बघणाऱ्याला वाटावं, जेवतेय की! 1975 मध्ये तब्येत इतकी ढासळली की ब्रिटन आणि जपानचे दौरे रद्द करावे लागले. तिचं वजन किती झालं होतं, तो आकडा इथे मुद्दाम देत नाहीये. कारण वाचणाऱ्यातलं कुणीतरी लगेच स्वतःचा आकडा आठवणार.

या आजाराचं नाव ॲनोरेक्सिया नर्व्होसा. लंडनच्या डॉ. विल्यम गल यांनी 1873 मध्येच त्यावर निबंध वाचला होता. पण शंभर वर्षांनंतरही सामान्य घरांत तो कुणाला माहीत नव्हता. कॅरनच्या घरीही वाटायचं, पोरीने नीट चार घास खाल्ले की झालं.

तसं का होत नाही? याचं उत्तरही तेव्हा पुस्तकात होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं. ही मुलं चिडचिडी झाली, एकटी राहू लागली, दिवसभर फक्त खाण्याचा विचार करू लागली. काही तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची. पुन्हा पोटभर जेवायला मिळाल्यावरही काहींचं मन ताळ्यावर यायला कित्येक महिने लागले. म्हणजे बघा, उपाशी मेंदूला नुसतं समजावून भागत नाही. आधी त्याला अन्न लागतं, आणि ते बराच काळ लागतं. हे संशोधन प्रसिद्ध झालं 1950 मध्ये. कॅरनच्या जन्माच्याच वर्षी!

1982 मध्ये कॅरन स्वतःहून न्यू यॉर्कला मानसोपचारासाठी गेली. हे धाडसाचंच होतं. सप्टेंबरमध्ये तिला लेनॉक्स हिल हॉस्पिटलात दाखल करून शिरेतून पोषण दिलं गेलं. काही आठवड्यांत वजन बरंच वाढलं. नोव्हेंबरमध्ये ती कॅलिफोर्नियाला परतली आणि आपण बऱ्या झालो, असं सांगू लागली. 4 फेब्रुवारी 1983 रोजी सकाळी आईवडिलांच्या घरी ती कोसळली. वर्षानुवर्षांच्या उपासमारीने आणि वजन उतरवण्याच्या घातक उपायांनी तिचं हृदय निकामी झालं होतं.

वजन परत आलं होतं, पण जेवणाची भीती कुठे गेली होती?

आज अशा रुग्णासोबत डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ अशी तिघांची टीम काम करते. आहारतज्ज्ञ नुसता कागदावर तक्ता लिहून देत नाहीत. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर खायला दिलं, तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम घसरून हृदयालाच धोका होतो. म्हणून तपासण्या करत, बेताबेताने अन्न वाढवतात. मग वेळ ठरवून तीन जेवणं आणि मधल्या वेळचं खाणं, भूक लागो न लागो. मग ज्याची भीती वाटते ते पदार्थ एकेक करून पुन्हा ताटात. भात असो, तूप असो, वाढदिवसाचा केक असो. लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलात 1980च्या दशकात आकाराला आलेल्या पद्धतीत तर किशोरवयीन मुलांच्या जेवणाची जबाबदारी काही काळ आईवडीलच घेतात. हे सगळं महिनोन्महिने चालतं, कधी वर्षानुवर्षं. वजन वाढलं तरी लगेच थांबवायचं नसतं.

कॅरन गेल्यावर अमेरिकेत घराघरांत या आजाराबद्दल बोललं जाऊ लागलं. तिला मात्र तेवढा वेळ मिळाला नाही.

तुमच्या मेसच्या टेबलावरही कुणीतरी रोज ‘आत्ताच खाल्लं’ म्हणत असेल. डबा न उघडताच परत नेत असेल. ती मुलगीच असेल असंही नाही. मुलांनाही हा आजार होतो. तिला ‘बारीक झालीस’ म्हणू नका, ‘जाड झालीस’ तर नकोच. ‘खा गं’ म्हणून मागेही लागू नका. शेजारी बसा, तुमचं जेवण जेवा, इकडचं तिकडचं बोला. मग एकटी असताना काळजी वाटते हे सांगा आणि डॉक्टरांकडे सोबत जा. ती बरी दिसू लागल्यावरही टेबलावरची तिच्या शेजारची जागा सोडू नका.

आणि हे वाचताना तुम्हाला स्वतःचंच ताट आठवलं असेल, तर आजच कुणाशी तरी बोला. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 14416 या नंबरावर चोवीस तास सुरू असते, मोफत. मराठीतही बोलता येतं.