ब्लेझ पास्कल : दाबाच्या एककाला नाव देणारा शास्त्रज्ञ

धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्ग किल्ल्यात बोरी नदीवर दगडी धरण आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये ते बांधले गेले. प्रसिद्ध पाणी महाल याच धरणाच्या भिंतीत आहे. अशा भिंतीवर पाण्याचा दाब किती पडतो, याचे नियम मांडणारे ब्लेझ पास्कल यांचा जन्म त्यानंतर दहा वर्षांनी, १९ जून १६२३ रोजी फ्रान्समधील क्लेरमाँ येथे झाला.

पास्कल तीन वर्षांचे असताना आई वारली. वडिलांनी त्यांना घरीच शिकवले. वडिलांचे काम करवसुलीचे होते. त्यांची आकडेमोड हलकी व्हावी म्हणून पास्कल यांनी १६४२ मध्ये, विशीच्या आतच, गणनयंत्र बनवायला घेतले.

त्या काळी इटलीतील टॉरिचेली यांचा प्रयोग गाजत होता. पाऱ्याने भरलेली नळी पाऱ्याच्या भांड्यात उलटी धरली, तर सुमारे ७६ सेंटिमीटर पारा नळीत टिकून राहतो. निसर्गाला पोकळी सहन होत नाही म्हणून असे घडते, असे अनेक विद्वान मानत. हवेच्या वजनामुळे पारा टिकतो, असे पास्कल यांना वाटत होते. तसे असेल, तर उंचावर हवा कमी असल्याने पारा उतरायला हवा.

स्वतः आजारी असल्याने त्यांनी हे काम मेहुणे पेरिए यांच्याकडे सोपवले. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिए प्यूय द दोम डोंगरावर चढले. माथ्यावर पारा सुमारे ८ सेंटिमीटर उतरला. पायथ्याच्या नळीत मात्र दिवसभर तसाच राहिला. हवेला दाब असतो, हे पटले.

पुढे पास्कल द्रवांकडे वळले. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. पाण्याचा दाब काढण्यासाठी घनता, गुरुत्वत्वरण आणि खोली यांचा गुणाकार करतात. १० मीटर खोलीवर तो १००० × ९.८ × १० = ९८,००० पास्कल, म्हणजे दर चौरस मीटरवर जवळपास १० टनांचा भार. तलाव किती लांब-रुंद आहे, याने फरक पडत नाही. फरक पडतो तो खोलीने. म्हणूनच धरणाच्या तळाला सर्वाधिक दाब सोसावा लागतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा त्यांचा नियम आज गाडीच्या ब्रेकमध्ये वापरला जातो.

१६५४ नंतर ते धर्मचिंतनात रमले. १९ ऑगस्ट १६६२ रोजी, अवघ्या ३९ व्या वर्षी, पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. द्रवांवरील त्यांचा ग्रंथ १६६३ मध्ये छापला गेला. १९७१ मध्ये दाबाच्या एककाला पास्कल हे नाव मिळाले : एका चौरस मीटरवर एक न्यूटन बल.