रुडॉल्फ डिझेल: पंपावर रोज दिसणाऱ्या नावामागचा माणूस

डिझेल हे एका माणसाचं आडनाव आहे, हे तुम्हाला माहीत होतं? दिल्लीत २०१८ साली सुप्रीम कोर्टाने १५ वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल गाड्यांवर बंदी घातली, डिझेलला मात्र १०च वर्षं दिली. हा फरक का, ते शोधत मी या माणसापर्यंत पोचलो.

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील जर्मन. १८७० मध्ये युद्ध पेटलं आणि कुटुंबाला पॅरिस सोडून लंडन गाठावं लागलं. तिथून त्याला शिकायला जर्मनीत पाठवलं. म्युनिकला इंजिनिअरिंग शिकताना त्याला एक गोष्ट खटकली: वाफेचं इंजिन कोळशातली जेमतेम १० टक्के ऊर्जा कामाला लावतं, बाकी सगळी वाया.

त्याने उपाय काढला. हवा इतकी दाबायची की ती प्रचंड तापेल, मग त्यात इंधन सोडलं की ठिणगीशिवाय पेट घेईल. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो ना, तसंच, फक्त कित्येक पट जास्त. १८९३ मध्ये पहिल्याच चाचणीत स्फोट झाला, तो थोडक्यात वाचला. १८९७ मध्ये मात्र त्याच्या इंजिनाने सुमारे २६ टक्के ऊर्जा वापरून दाखवली.

नाव झालं, पैसा आला, पण पुढे कर्जही झालं. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडला निघालेल्या जहाजावरून तो नाहीसा झाला. काही दिवसांनी समुद्रात मृतदेह सापडला. आत्महत्या की घातपात, हे कोडं आजही सुटलेलं नाही. त्याचं इंजिन बसवलेली मर्सिडीज २६०डी ही कार बाजारात आली ती १९३६ मध्ये.

आता खरी गोम. ज्या दाबामुळे आणि उष्णतेमुळे हे इंजिन कमी इंधन पितं, त्याच उष्णतेत हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन घातक नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. शिवाय इंधनाचे थेंब नीट न जळल्याने काजळी सुटते. पेट्रोल गाडीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नायट्रोजन ऑक्साइड आवरतो. डिझेलच्या धुरात ऑक्सिजन जास्त उरतो, म्हणून तो उपाय तिथे चालत नाही. वेगळा फिल्टर आणि वेगळी यंत्रणा लागते. आपल्याकडे त्या कारमध्ये सर्रास आल्या त्या २०२० च्या बीएस-६ नियमांनंतर. जुन्या गाडीत नंतर बसवायच्या तर जागा, सेन्सर, सॉफ्टवेअर सगळंच बदलावं लागतं, खर्च परवडत नाही.

खुद्द जर्मनीत, स्टुटगार्ट शहराने २०१९ पासून युरो-४ आणि त्याआधीच्या डिझेल गाड्यांना बंदी केली.

म्हणून मला वाटतं, नुसतं गाडीचं वय मोजणं अपुरं आहे. धूर आवरणारी यंत्रणा आहे की नाही, हे जास्त महत्त्वाचं. सेकंड-हँड डिझेल घेताय? मग मॉडेलच्या वर्षाआधी ती बीएस-४ आहे की बीएस-६, ते विचारा.