वैमानिक जहांगीर टाटा

आमच्या वाचकांनी शाळेतील नकाशा उघडून त्यावर मुंबई आणि बेळ्ळारी या दोन गावांना जोडणारी सरळ रेघ ओढून पाहावी. ती रेघ सातारा जिल्ह्यातून व पुढे सांगली जिल्ह्याच्या पूर्वभागातून जाते, असे आढळून येईल. १९३२ साली याच दोन गावांमार्गे टाटांची विमानटपाल मद्रासेस जाऊ लागली. ज्या पुरुषाने ती सुरू केली, त्याचे चरित्र विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस बोधप्रद होईल, असे आम्हांस वाटते.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील पारशी, आई फ्रेंच. १९०९ साली विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणारा लुई ब्लेरिओ हा फ्रान्सच्या किनाऱ्यावर या कुटुंबाचा शेजारी होता. तेथेच या मुलास उडण्याचा ध्यास लागला. पुढे मुंबईस विमानविद्या शिकून १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांनी वैमानिकाचा परवाना मिळविला. हिंदुस्थानात दिला गेलेला तो पहिला परवाना होय.

त्याच वर्षी आगाखान यांनी एक बक्षीस जाहीर केले. इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील प्रवास जो हिंदी वैमानिक एकट्याने प्रथम करील, त्यास ५०० पौंड मिळावयाचे होते. १९३० च्या मे महिन्यात जहांगीर कराचीहून निघाले. उलट दिशेने अस्पी इंजिनिअर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा येत होता. मिसर देशात अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. इंजिनाच्या एका स्पार्क प्लगावाचून अस्पीचे विमान अडून पडले होते. जहांगीरांनी आपल्याजवळचा प्लग त्यास दिला. बक्षीस अस्पीने जिंकले! तोच मुलगा पुढे भारतीय वायुसेनेचा प्रमुख झाला.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी पहाटे जहांगीर कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एका इंजिनाच्या लहानशा विमानातून निघाले, व अहमदाबादेस पेट्रोल भरून दुपारी मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट या त्यांच्या सहकाऱ्याने टपाल बेळ्ळारीमार्गे मद्रासेकडे नेली.

विमान उडताना वैमानिकास जो निर्णय करावा लागतो, तो येथे समजावून घेणे अवश्य आहे. लांब उडी मारणारा मुलगा पळू लागला की प्रथम त्यास थांबता येते. पण फळीपासून दोन पावलांवर आल्यावर तो थांबू म्हणेल, तर तोंडघशी पडेल. विमानाचेही तसेच आहे. धावपट्टीवर एका ठरावीक वेगापर्यंत काही बिघाड दिसला, तर ब्रेक लावून थांबता येते. तो वेग ओलांडल्यावर मात्र उरलेली जमीन थांबण्यास पुरत नाही. मग एक इंजिन बंद पडले तरी उरलेल्यांच्या बळावर उडणेच श्रेयस्कर. हा वेग कोणता, हे वैमानिक धावू लागण्यापूर्वीच गणित करून ठरवितो. त्यात विमानाचे वजन, धावपट्टीची लांबी, वारा, चिखलपाणी, उष्मा व जागेची उंची ही सर्व धरावी लागतात. उष्ण हवा विरळ असते. साताऱ्यासारख्या दोन हजार फुटांहून उंच ठिकाणीही ती समुद्रकाठच्या मानाने विरळच. अशा हवेत पंखांस आधार कमी व इंजिनास जोर कमी. म्हणून धाव लांबते.

जहांगीरांच्या त्या पहिल्या विमानास दुसरे इंजिनच नव्हते. जमीन सोडताच ते बंद पडते, तर समोर जी जागा मिळेल तेथे उतरण्यावाचून गती नव्हती. म्हणून सावधगिरी आधीच बाळगावी लागे. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याने भरे. तेव्हा तेथून उडण्याचा हट्ट न धरता टाटांचे विमानकार्य पुण्यास हलविले जाई. धाडस आणि अविचार यांतील भेद या एका गोष्टीवरून ध्यानी यावा.

या टपालातूनच पुढे एअर इंडिया उदयास आली. ८ जून १९४८ रोजी तिचे चार इंजिनांचे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. १९५३ साली ती कंपनी सरकारची झाली, तरी १९७८ पर्यंत अध्यक्षपदी जहांगीरच होते. १९८२ साली, वयास ७८ वर्षे पूर्ण झाली असता, त्यांनी कराची ते मुंबई हे उड्डाण जुन्या पद्धतीच्या विमानातून पुन्हा करून दाखविले. १९९२ साली त्यांस भारतरत्न हा किताब मिळाला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे देहावसान झाले.

त्याच वर्षी २६ एप्रिल रोजी तेव्हाच्या औरंगाबादेस एका दुसऱ्या कंपनीचे प्रवासी विमान धावपट्टीवरून वेळेवर उचलले गेले नाही. पट्टीपलीकडील रस्त्यावर कापसाच्या गाठींनी लादलेला ट्रक होता. त्यावर ते आदळले, आणि विमानातील ११८ जणांपैकी ५५ दगावले. विमान उशिरा उचलले गेले व रस्त्यावरील वाहतूक कोणी थांबविली नाही, असे चौकशीत ठरले. क्षणाची चूक व अनेकांची बेपर्वाई यांचे मोल किती भारी पडते, हे आमच्या प्रांताने असे पाहिले आहे.

विद्यार्थीमित्रहो, तुमचीही धाव आता सुरू झाली आहे. कोठवर थांबता येईल आणि कोठून पुढे जावेच लागेल, याचा विचार धावण्याआधी करा, व त्यात वडीलधाऱ्यांचा सल्ला घ्या. आणि वाटेत कोणी अडलेला भेटला, तर आपल्या थैलीतील प्लग त्यास देण्यास कचरू नका. बक्षीस कोणी नेले, याची आठवण आज थोड्यांसच आहे. प्लग कोणी दिला, हे मात्र लोक अद्यापि सांगतात.