दोराबजींचा शेवटचा दस्तऐवज

मालमत्तेची निरवानिरव जिवंतपणी करणे आपल्याकडे अद्याप अशुभ मानले जाते. आणि विश्वस्त निधी ही तर केवळ धनिकांची सोय, असा समज रूढ आहे. सर दोराबजी टाटा यांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगे आहे.

१८५९ साली जन्मलेले दोराबजी हे जमशेटजींचे ज्येष्ठ पुत्र. १९०४ मध्ये वडील निवर्तले तेव्हा पोलादाचा कारखाना, जलविद्युत् आणि विज्ञानसंस्था या तिन्ही योजना अपुऱ्याच होत्या. त्या दोराबजींनी सिद्धीस नेल्या. १९२४ साली पोलाद कंपनी बुडण्याच्या बेतात आली असता त्यांनी पत्नी मेहेरबाईंच्या ज्युबिली हिऱ्यासह आपली खासगी मालमत्ता एक कोटी रुपयांच्या कर्जासाठी इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली. कंपनी तरली.

१९१८ मध्ये धाकटे बंधू रतनजी निपुत्रिक वारले. १९३१ मध्ये मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. दोराबजींनाही अपत्य नव्हते. मागे राहणाऱ्या संपत्तीचे काय, हा प्रश्न त्यांनी वारसांवर वा न्यायालयांवर सोपविला नाही. १९३२ च्या मार्चमध्ये त्यांनी आपली जवळजवळ सर्व संपत्ती स्थळ व धर्म यांचा भेद न करता वापरण्यासाठी विश्वस्तांच्या स्वाधीन केली. पत्नीच्या समाधीच्या दर्शनास इंग्लंडकडे निघाले असताना ३ जून रोजी जर्मनीत त्यांचा अंत झाला.

मृत्युपत्र मृत्यूनंतर अंमलात येते आणि करणारा हयात नसतानाच त्यावर वाद माजतात. विश्वस्त निधीत मालकी एकाकडे व लाभ दुसऱ्याकडे, अशी विभागणी करणाऱ्याच्या डोळ्यांदेखत होते. त्यामुळे दोराबजींच्या समभागांची वाटणी झाली नाही. त्यांच्या उत्पन्नातून १९३६ मध्ये समाजकार्याचे विद्यालय, १९४१ मध्ये कर्करोग रुग्णालय आणि १९४५ मध्ये मूलभूत विज्ञानाची संशोधनसंस्था उभी राहिली.

दोराबजींचा निधी सार्वजनिक होता. सामान्य कुटुंबाच्या उपयोगी पडतो तो १८८२ च्या कायद्याखालील खासगी न्यास. अज्ञान वा मतिमंद अपत्याच्या हाती एकरकमी पैसा पडण्याऐवजी त्याच्या पालनपोषणापुरते उत्पन्न नियमित मिळावे, ही व्यवस्था तो करू शकतो. स्थावर मालमत्तेसाठी मात्र नोंदणीकृत दस्त लागतो. शिवाय धनकोंना बुडविण्यासाठी केलेला न्यास टिकत नाही. विश्वस्त प्रामाणिक नसतील तर उत्तम दस्तही व्यर्थ. म्हणूनच त्यांची निवड व हेतूची स्पष्टता, ही दोन्ही कामे बुद्धी शाबूत असतानाच उरकली पाहिजेत. दोराबजींच्या हाती त्यानंतर जेमतेम तीन महिने उरले होते.