परसोजीराजे भोसले

परसोजी हे आपल्या नागपूरच्या दुसऱ्या रघूजीराजांचे पुत्र. दृष्टी गेलेली, अंग पक्षाघाताने लुळे. २२ मार्च १८१६ रोजी वडील वारले आणि परसोजी गादीवर आले. कारभार मात्र चुलतभाऊ आप्पासाहेबांनी हाती घेतला. २७ मे रोजी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह झाला, तोही आप्पासाहेबांनीच केला. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी मृत आढळले. आप्पासाहेबांनीच त्यांचा खून करविला होता.

राजांना स्वतःला काय हवे होते, हे मला कोणत्याच पुस्तकात सापडले नाही.

मला लहानपणापासून फेफरे येते. एकोणीस वर्षांचा झालो, तरी लोक माझ्या प्रकृतीविषयी माझ्यादेखत वडिलांनाच विचारतात. माझे वडील शाळेत गेलेले नाहीत. पण पुढे शिकायचे का, हे त्यांनी मलाच विचारले होते.