परळच्या पाटीमागचा माणूस

हाफकिन म्हटलं की आपल्याला परळची इमारत आठवते, पोलिओचे डोस आठवतात. माणूस फारसा कुणाला आठवत नाही. मलाही नव्हता. इथे न्यू जर्सीत करोनाच्या लशीसाठी रांगा लागल्या, तेव्हा रोज चर्चा एकच होती: लस निघाली हो, पण लाखो लोकांच्या दंडापर्यंत पोचवायची कशी? त्या दिवसांत वाचता वाचता वाल्डेमार हाफकिन सापडले. सव्वाशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न घेऊन हा माणूस मुंबईत बसला होता.

जन्म १८६०चा, काळ्या समुद्रावरच्या ओदेसातला. घर ज्यू. झारच्या रशियात ज्यू माणसाला विद्यापीठात पुढे सरकणं कठीण, म्हणून आधी जिनिव्हा आणि मग पॅरिसची पाश्चर इन्स्टिट्यूट. तिथे सुरुवातीला काम मिळालं ते ग्रंथालयात. १८९२च्या जुलैत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार करून आधी स्वतःला टोचली, आणि पुढच्या वर्षी ते भारतात आले. १८९४मध्ये कलकत्त्याच्या एका वस्तीत सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर तिथे १० जणांना कॉलरा झाला, ते सगळे लस न घेतलेले.

१८९६च्या सप्टेंबरात मुंबईत, मांडवीला, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात हाफकिन मुंबईत दाखल. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन मदतनीस, एवढाच फौजफाटा. त्यांची कृती वाचून मला गंमत वाटली. बकऱ्याच्या मांसाचं पाणी, त्यावर तुपाचे थेंब. प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढायचे. अधूनमधून बाटली हलवायची, की ते तळाशी बसून नवे वाढू लागत. असे सुमारे सहा आठवडे. मग तापवून जंतू मारायचे आणि टिकण्यासाठी कार्बोलिक ॲसिड घालायचं. गोमांस नाही, डुकराचं मांस नाही. कोण घेणार आणि कोण नाकारणार, याचा विचार मालमसाल्यापासूनच केलेला. १० जानेवारी १८९७ला त्यांनी ही लसही आधी स्वतः टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातले खुषीने पुढे आलेले कैदी.

‘खुषीने’ हा शब्द महत्त्वाचा आहे. त्याच वर्षी पुण्यात गोरे सोजीर घरात घुसून तपासण्या करत होते. रँडचं पुढे काय झालं ते आपण शाळेतच शिकलोय. सरकारी डॉक्टर दारात आला की लोक आजारी माणसाला लपवत. अशा वातावरणात हाफकिन सक्तीशिवाय लस देऊ पाहत होते. आगाखानांनी सगळ्यांदेखत टोचून घेतलं, प्रयोगशाळेसाठी जागाही दिली, तेव्हा खोजा समाज पुढे आला. पोर्तुगीजांच्या दमणमध्ये २,१९७ जणांनी लस घेतली, त्यांतले ३६ दगावले; न घेतलेल्या ६,०३३ जणांतले १,४८२. म्हणजे शंभरात दोनाहून कमी, आणि तिकडे जवळजवळ पंचवीस. लस घेणारे मुळातच थोडे सुस्थितीतले असतील, अशी शंका माझ्यासारखा आकड्यांचा माणूस काढणारच. पण एवढी मोठी दरी तेवढ्याने भरत नाही.

१८९९मध्ये परळचं जुनं गव्हर्न्मेंट हाऊस प्रयोगशाळेला मिळालं. १९०२मध्ये पंजाब सरकारने लाखो लोकांना लस टोचायचा बेत आखला आणि परळवर मागणी कोसळली. सहा आठवड्यांची कृती आता पुरेना. हाफकिननी ती बदलली: जंतू वेगळ्या माध्यमावर झटपट वाढवायचे, आणि कार्बोलिक वगळून नुसत्या उष्णतेवर भागवायचं. शास्त्र म्हणून त्यात चूक नव्हती. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येही तसंच करत.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मल्कोवाल गाव. त्या दिवशी १०७ जणांना पाच बाटल्यांतून लस दिली. ५३-एन या एका बाटलीतून ज्यांना दिली, ते १९ जण धनुर्वाताने मेले. बाकीच्या ८८ जणांना काही झालं नाही.

आमच्या धंद्यात काही कोसळलं की आधी शोधतात, शेवटचा बदल कुणी केला. चौकशी आयोगाने तेच केलं. कार्बोलिक वगळलं होतं, म्हणून बाटली परळलाच दूषित झाली असणार, असा निष्कर्ष निघाला आणि हाफकिन निलंबित झाले. पण मल्कोवालला बूच काढताना चिमटा जमिनीवर पडला होता. मदतनिसाने तो कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुडवला आणि वापरला, ज्योतीवर धरला नाही. शिवाय डॉक्टरने नेमाप्रमाणे बाटली हुंगली होती, तिला वास नव्हता. बाटली परळला भरून सुमारे सहा आठवडे झाले होते. धनुर्वाताचे जंतू इतके दिवस आत वाढत असते तर दुर्गंधी लपली नसती. हे सगळं साक्षीपुराव्यात होतं. त्याचं वजन कुणी केलं नाही, हे मला त्या १९ मृत्यूंइतकंच नसलं तरी फार खुपलं.

हाफकिन इंग्लंडला गेले आणि वर्षानुवर्षं कागद धरून बसले. १९०७मध्ये मलेरियावाले रोनाल्ड रॉस आणि इतर नऊ शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून त्यांची बाजू मांडली, तेव्हा कुठे डाग पुसला गेला. भारतात परत नेमणूक झाली ती कलकत्त्यात, परळला नाही, आणि फक्त संशोधनापुरती. लोकांना टोचण्याचं काम पुन्हा मिळालं नाही. पहिलं महायुद्ध सुरू झालं त्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपात परतले.

परळहून लस मात्र जातच राहिली. १८९७ ते १९२५ या काळात २ कोटी ६० लाख डोस बाहेर पडले. १९२५मध्येच संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं. पाच वर्षांनी, २६ ऑक्टोबर १९३०ला, ते स्वित्झर्लंडमध्ये लोझानला वारले. लग्न केलं नव्हतं.